इंदू गुरुवारी कुठे जायची

परवा लॅबमध्ये एका बाईंच्या दंडाला पट्टा बांधून मी शीर शोधत होते, तर त्या माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही इंदू ना? नाटकातल्या?"

मी म्हटलं, "मूठ घट्ट करा."

त्यांनी मूठ केली. सुई आत गेली, रक्त नळीत चढायला लागलं, तरी त्यांचं लक्ष सुईकडे नव्हतंच. "एक विचारू का? तिचं खरंच काही होतं का हो? आमच्या बिल्डिंगमध्ये अजून भांडणं होतात त्यावरून."

"तुम्ही कुठला प्रयोग बघितलात?"

"बोरिवलीचा. शाळेच्या हॉलमधला."

मी जरा आठवून बघितलं. म्हटलं, "कापूस दाबून धरा, पाच मिनिटं." आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

मला ठाऊक होतं. बोरिवलीला त्या दिवशी काय होतं आणि काय नव्हतं हे जगात फक्त मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं नाही असं मला ज्यांनी बजावलं होतं त्या आमच्या नाटकाच्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि त्यांची ताकीद मोडायची माझी अजून टाप नाही.

बाईंची आणि माझी ओळखही याच खुर्चीवर झाली. मुलुंडला आमची लॅब आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. एके सकाळी रांगेत एक आजोबा होते, सुईला फार घाबरायचे. मी त्यांना म्हटलं, "बाबा, दुखणार नाही." टोचलं, झालं, आजोबा गेले. त्यांच्यामागे बाईंचा नंबर. उंच, काटकुळ्या, खादीची साडी, पायात शाळेतल्या मुलांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. खुर्चीत बसल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तू आत्ता त्या गृहस्थांना म्हणालीस ना, दुखणार नाही? ते खरं होतं का खोटं?"

"का हो?"

"मी नीट बघत होते. मला कळलं नाही. तीस वर्षं कोर्टात बसून लोकांची तोंडं बघितली मी, मला कळतं. तुझं नाही कळलं." मग घड्याळ बघून, "नाटकात काम करशील?"

मी हसले. मानखुर्दला आमच्या वस्तीत जयंतीच्या दिवशी लहानपणी स्टेजवर चढले होते तेवढंच माझं नाटक. वडील जालन्याकडून आलेले, त्यांनी मला लॅबचा डिप्लोमा, डी.एम.एल.टी., करायला लावलं ते पायावर उभी राहावी म्हणून. नवरा, एक मुलगी, सकाळी सातची ड्यूटी. मी म्हटलं, "मला वेळ नाही."

"बुधवार आणि शनिवार. सहा वाजून दहा मिनिटांनी," बाई म्हणाल्या. "सहा नाही. सहा म्हटलं की लोक सव्वासहाला येतात. सहा दहा म्हटलं की घाबरून सहाला येतात."

मी त्या बुधवारी पावणेसहालाच गेले.

बाई कौटुंबिक न्यायालयात स्टेनो होत्या. जन्मभर घटस्फोटाचे जबाब उतरवून घेतले. रिटायर झाल्या तरी ती भाषा काही त्यांच्या तोंडातून गेली नाही. तालमीत कुणी तक्रार केली की तो 'अर्जदार', ज्याच्याविषयी केली तो 'सामनेवाला'. आणि कुठलंही वाक्य असो, मागे शेपूट लावायच्या, "असे म्हणणे आहे." चहा गोड आहे असे चहावाल्याचे म्हणणे आहे. दहा मिनिटांत पोचतो असे रिक्षावाल्याचे म्हणणे आहे. एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की साखर वाढलीय, तर त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "असे माझ्या रक्ताचे म्हणणे आहे."

मी विचारलं होतं एकदा, "बाई, ही काय सवय?"

"अगं, तीस वर्षं बायकांवर आरोप टाईप केले. अमक्याशी संबंध आहेत असे अर्जदाराचे म्हणणे आहे. नाहीत असे तिचे म्हणणे आहे. हजारो पानं. त्यातलं झालं काय, ते एका तरी पानावर होतं का? सगळी म्हणणीच."

घाटकोपरला एका खोलीत एकट्या राहायच्या. सोबत एक घडीचं स्टूल घेऊन फिरायच्या, कारण दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की त्याचं ऐकावं लागतं म्हणे. तालीम पालिकेच्या शाळेतल्या वर्गात, बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे छातीशी घेऊन बसायचो आणि बाई त्या स्टुलावर, हातात वही. चुका लिहायच्या शॉर्टहँडमध्ये. नुसते आकडे आणि वळणं. वाचता येत नाही म्हणून आम्हाला त्याची जास्तच भीती. मी एकदा मोठा संवाद म्हणत होते तेव्हा त्यांनी सलग दोन पानं भरली. नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "तुझं नाही काही, घरी न्यायच्या भाजीची यादी केली. तू चांगली बोलत होतीस, मला काम नव्हतं."

आता नाटकाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

नाटक बाईंनीच लिहिलेलं. इंदू ही गिरणीकामगाराची बायको, ब्लाऊज शिवून घर चालवणारी. एकोणीस वर्षं दर गुरुवारी दुपारी चांगली साडी नेसून ती घराबाहेर पडते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. येताना फुटाण्यांची पुडी आणते. कुठे जाते, कुणी विचारत नाही, ती सांगत नाही. नाटक सुरू होतं तेव्हा इंदू वारलेली आहे आणि तिच्या तेराव्याला दोन अनोळखी पुरुष येतात. एक सांताक्रूझचा पेटीमास्तर, एक खारदांड्याचा होडीवाला. दोघंही एका कोपऱ्यात बसून रडतात. झालं. मग नवरा त्याच्या आठवणीतली इंदू सांगतो, मास्तर त्याच्या, होडीवाला त्याच्या. तिन्ही इंदू मीच. आणि शेवटच्या प्रवेशात इंदू एकटी. जिन्याच्या पायरीवर बसते, चपला काढते, एक फुटाणा तोंडात टाकते आणि हसते. संवाद नाही. दिवा जातो.

पहिल्याच तालमीला मी विचारलं, "बाई, ही का हसते?"

"मला काय विचारतेस? मी काय तिचा नवरा आहे?"

"पण तुम्ही लिहिलंय. होतं का तिचं? मास्तरशी? की होडीवाल्याशी?"

"दोघांशी असेल. कुणाशीच नसेल."

"मग मी करू काय?"

तेव्हा त्यांनी वही मिटली. मला म्हणाल्या, "हे बघ. प्रयोगाच्या आधी साडी नेसताना ठरवायचं. होतं की नव्हतं, होतं तर कुणाशी. एकदा निऱ्या खोचल्या की बदलायचं नाही. दुसऱ्या प्रयोगाला हवं तर दुसरं ठरव. पण ठरवायचं. लोकांना कळू द्यायचं नाही याचा अर्थ तुला माहीत नाही असा नाही. न ठरवता उभी राहिलीस तर नुसती गुळमुळीत दिसशील."

"आणि तुम्हाला?"

"मला अजिबात सांगायचं नाही. ज्या दिवशी मला कळेल त्या दिवशी मी तुझ्याकडे बघायचं सोडून देईन."

सांगायला सोपं. पण करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की तेच वाक्य, तेच उठणं-बसणं, आणि आत एवढी एक गोष्ट बदलली की सगळं हलतं. 'नव्हतं' ठरवलं की नवऱ्याला ताट वाढताना माझा हात सैल असायचा. 'होतं' ठरवलं की मी जास्त मायेने वाढायचे. का ते मला अजून सांगता येणार नाही.

इंदूचा नवरा झाले होते आमचे चावीवाले काका. पालिकेच्या पाणीखात्यात पाण्याची चावी फिरवायची त्यांची ड्यूटी, अर्ध्या भांडुपला पाणी त्यांच्या हातून मिळायचं. फार साधा माणूस. बारा तालमी झाल्यावर एक दिवस उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, एक सांगायचंय. माझी बायको तशी नव्हती."

आम्ही सगळे फिसकन हसलो. बाई हसल्या नाहीत. वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "नव्हती असे अर्जदाराचे म्हणणे आहे. पुढे."

"पुढे काय, नव्हतीच. मला माहीत आहे ना. मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच तुझं म्हणणं सगळ्यात शेवटी धरतात," बाई म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच तू म्हणायच्या. एकदा प्रयोगाला नगरसेवक आले होते, त्यांनाही, "तू पुढे बस, मागे तुझी माणसं बोलतात."

प्रयोग सुरू झाले तसा बाईंचा खरा उद्योग मला दिसला. नाटक संपलं की त्या आमच्याकडे यायच्याच नाहीत. हॉलच्या दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि बाहेर पडणारी माणसं काय बोलतात ते उतरवून घ्यायच्या. मानखुर्दला समाजमंदिरात प्रयोग झाला, माझ्या माहेरी. बायका घरी जायलाच तयार नाहीत. एक म्हणाली, "असणारच. एवढी नटून कुणी उगाच जातं?" दुसरी म्हणाली, "नटली म्हणजे पुरुषासाठीच का गं? मी कंपनीत जाताना नटते, ते काय साहेबासाठी?" तिसरी तर फारच भारी. "होतं तर होतं. एकोणीस वर्षं वेळेवर पोचली ना बिचारी! आमचा नवरोबा स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता." शेवटी रखवालदाराने पंखे बंद केले तेव्हा गर्दी हलली. बाई इतक्या खूश, कॅनव्हासच्या बुटात टाचा वर करून उभ्या होत्या. "भांडतायत ना? मग नाटक चाललं."

पण त्यांना सर्वांत आवडलेलं वाक्य एका कॉलेजच्या पोरीचं होतं. ती मैत्रिणीला म्हणाली, "मला वाटतं ती कुठेच जात नसेल यार. नुसती फिरत असेल. एकटी." बाईंनी ते लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसल्या. मला म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं. मीच लिहिलंय आणि मला सुचलं नव्हतं."

माझ्या नवऱ्याने पहिला प्रयोग बघितला आणि म्हणाला, "बिचारी. उगाच संशय घेतात तिच्यावर." चौथा प्रयोग बघायला आला आणि घरी येईपर्यंत काही बोलला नाही. कुकर लावताना माझ्या शेजारी उभा राहिला. "काय बदललं गं? संवाद तर तेच होते."

"काही नाही."

"आज ती गेली होती त्याच्याकडे. होडीवाल्याकडे. मला दिसलं."

मी कुकरची शिट्टी बसवली. तो म्हणाला, "मला रागच आला. आणि थोडं बरंपण वाटलं. हे काय आहे?" मला त्या क्षणी कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त मिळालं. आमचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्याने माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

मग अंधेरीचा निर्माता आला. त्याने एका स्पर्धेत आमचं नाटक बघितलं होतं. बाईंना आणि मला ऑफिसात बोलावलं. काचेचं ऑफिस, कॉफी, भिंतीवर मोठमोठी पोस्टरं. "मॅडम, झकास आहे. पन्नास प्रयोग मी लावतो. आणि इंदू हीच करणार, दुसरी नको," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. लॅबमधून रजा कशी घ्यायची इथपर्यंत मी पोचलेसुद्धा.

"फक्त एंड थोडा क्लिअर करूया ना," तो म्हणाला. "लोकांना क्लोजर लागतं."

"क्लोजर रिपोर्ट पोलिस देतात," बाई म्हणाल्या.

तो हसला. "तसं नाही हो. एक छोटं पत्र. इंदूच्या ट्रंकेत सापडतं. ती एका आंधळ्या म्हातारीला वाचून दाखवायला जायची, असं काहीतरी. सगळे रडतील. फॅमिली ऑडियन्स येईल. नाहीतर लोक म्हणणार, आपल्या कामगार बायकांना असं दाखवता?"

बाहेर पडल्यावर मी बाईंशी भांडले. रस्त्यावर, रिक्षावाल्यांसमोर. म्हटलं, "एक पत्र तर आहे! तुमचं काय जातं? तुम्ही लिहिता आणि घरी जाता. उभी मी राहते. मला आयुष्यात असं कुणी परत विचारणार नाही."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे. इंदू माझ्यापेक्षा तुझी जास्त आहे. मी लिहून देते पत्र. वाचून बघ आणि तू ठरव."

शनिवारी त्या पत्र टाईप करून घेऊन आल्या. वाईट लिहिलं असतं तर बरं झालं असतं. फार सुंदर लिहिलं होतं. आंधळी म्हातारी, तिचं पुस्तक, गुरुवारची दुपार, सगळं. मी बाकाशी उभी राहून वाचलं. वाचताना माझा आवाज आपोआप गोड झाला. संपलं तेव्हा दोघीतिघी डोळे पुसत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, जमलं.

तेवढ्यात चावीवाले काका उठले. मला वाटलं हे तर नाचतील आता, बायको संशयातून सुटली ना यांची.

"बाई," ते म्हणाले, "हे नको."

"का रे? तुझंच म्हणणं होतं, तशी नव्हती."

"होतं. अजून आहे. पण..." हातातली टोपी फिरवत राहिले. "आता मी तिच्याकडे बघतो ना प्रत्येक प्रयोगाला, तेव्हा जीव मुठीत धरून बघतो. आज काय असेल हिच्या मनात? माझी असेल का? पत्र वाचल्यावर मला बघायला लागणारच नाही. मग ती मेली काय आणि जगली काय. लग्नाला चाळीस वर्षं झाली माझ्या खऱ्या बायकोशी. तिच्याकडे मी असं बघायला या नाटकामुळे लागलो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी हट्टाने पत्राच्या बाजूने उभी राहिले असते, मी तशी आहे. पण त्या काही बोलल्या नाहीत. मी हातातल्या कागदाकडे बघितलं. त्या गोड आवाजातल्या इंदूला मी ओळखत नव्हते. कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "मी सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगते त्यांना."

"सांगशील असे अर्जदाराचे म्हणणे आहे," बाई म्हणाल्या. पण वहीत काही लिहिलं नाही.

मी सांगितलं. रडलेही नंतर, लॅबच्या स्टोअररूममध्ये. पण आजही कुणी विचारलं की आयुष्यात काय मिळवलंस, तर मी त्या सोमवारच्या फोनचं नाव घेईन.

मग आम्ही आपले पहिल्यासारखे, महिला मंडळं, शाळांचे हॉल, गणपतीचे मंडप. त्यातलाच एक प्रयोग मुलुंडला होता, रविवारी दुपारी. नाटक संपलं, लोक उठले, आणि एक म्हातारे गृहस्थ उलट दिशेने स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, सत्तरीच्या पुढचे. मी अजून पायरीवरच बसले होते.

"हे लिहिलं कोणी?" त्यांनी दरडावून विचारलं.

बाई दारातलं स्टूल सोडून लगबगीने येत होत्या. "मी," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी बारीक आवाजात, "दादा."

बाईंना भाऊ आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

"लाज नाही वाटत? आईला स्टेजवर उभी केलीस?" आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला हिने सांगितलं नसेल. ती इंदू म्हणजे आमची आई. गुरुवार तिचा, फुटाणे तिचे. आणि ती देवळात जायची! दत्ताच्या देवळात!"

"असेल," बाई म्हणाल्या.

"असेल म्हणजे? जायचीच!"

"तू बघितलंस तिला देवळात?"

"मी कामावर असायचो. बाबा गिरणीत."

"मी घरी असायचे," बाई म्हणाल्या. "बारा वर्षांची होते. एकदा गेले तिच्या मागे."

मागे खुर्च्या आवरणारी माणसंही थांबली.

"आपण तेव्हा सांताक्रूझला नव्हतो का? तिथून तिने डबलडेकर पकडली. ती खाली बसली, मी वर जाऊन बसले. खारदांड्याला उतरली. मी लांबून चालले. ती पुढे अशी हात हलवत, झपझप. घरी ती अशी कधी चालायची नाही, दादा. घरी ती सारखी वाकलेली असायची, मशीनवर नाहीतर चुलीशी. मग ती एका गल्लीत वळली."

"आणि?"

"मी कोपऱ्यावर उभी राहिले. आणि परत फिरले."

"म्हणजे तुकापण म्हायत नाय?" रागात त्यांची मालवणी बाहेर आली. "एवढी जवळ जाऊन?"

"नाय म्हायत." बाईंच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकली. "एक पाऊल पुढे टाकलं असतं तर कळलं असतं. पण मला वाटलं, मी टाकलं तर ती परत वाकेल. आपल्यापैकी कुणीतरी बघतंय म्हटल्यावर वाकेलच. तिचं ते एवढंच होतं. ती मोरपिशी साडी, आणि ते चालणं."

भाऊ एक पाऊल पुढे आले. मग विचारलं, "कुठली साडी?"

"मोरपिशी. जरीच्या काठाची."

"ती मी आणलेली. माझ्या पहिल्या पगाराची."

"माहीत आहे."

"माझ्यासमोर एकदाही नेसली नाही. सणालासुद्धा नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली ठेवलीय जपून. मला वाटायचं, आवडली नाही तिला." सत्तरीचा तो माणूस बोलता बोलता एकोणीस वर्षांचा झाला होता. "खरा सांगतंस? नेसायची?"

"दर गुरुवारी, दादा."

ते खाली, इंदूच्या पायरीवर, माझ्या शेजारी बसले. चावीवाल्या काकांनी त्यांना पाणी आणून दिलं. प्यायले आणि कुणाचाही निरोप न घेता गेले. बाई स्टूल उघडून तिथेच बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "आता हा परत यायचा नाही."

पुढच्याच शनिवारी, सहा दहाला, ते वर्गाच्या दारात उभे. हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत आले, कुणाकडे न बघता दोन बाकं जोडली, पिशवीतून मलमलच्या कापडात गुंडाळलेली साडी काढली आणि पसरली. आई गेल्यावर त्यांनीच ती घरी नेली होती. कोरी समजून इतकी वर्षं घडी मोडली नव्हती.

"बघा," ते म्हणाले. आम्ही भोवती जमलो. त्यांनी खालचा काठ उचलून धरला. टाचेपाशी येतो तिथली जर पार उडून गेली होती, आतले दोरे दिसत होते. खांद्यावर पिन लावून लावून पडलेली बारीक भोकं. पदराजवळ एक फाटलेली जागा, नजरेला पटकन दिसणार नाही असा रफू केलेली.

"एकदा-दोनदा नेसून अशी होते का साडी?" त्यांनी काकांना विचारलं, मग मला, मग मास्तर झालेल्या नटाला. प्रत्येकाला तो काठ हातात घेऊन बघायला लावला. "बघा ना, झिजलीय. चांगली झिजलीय. वर्षानुवर्षं नेसलीय हो तिने!" त्यांची छाती इतकी फुगली होती की इस्त्रीच्या शर्टाची बटणं ताणली होती. आई कुठे जायची हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही कधी माझ्या कानावर आलं नाही.

बाईंनी रफूवरून बोट फिरवलं. "आईचाच टाका," एवढंच म्हणाल्या. मागे 'असे म्हणणे आहे' हे शेपूट लावलं नाही.

भाऊ मला म्हणाले, "तुम्ही नेसा ही. इंदूने हीच नेसली पाहिजे." मी घाबरले, फाटली म्हणजे? तर म्हणाले, "फाटू दे. ठेवून काय करायचंय?"

घाटकोपरच्या प्रयोगाला मी ती पहिल्यांदा नेसले. निऱ्या बाईंनी स्वतः खोचून दिल्या, खाली वाकून, तोंडात पिना धरून. आईसारखा पदर आखूड ठेवला. मी काय ठरवलंय हे त्यांनी विचारलं नाही.

तेराव्याचा प्रवेश संपला. मी हात हलवत, झपझप स्टेजवर आले, आणि प्रकाश त्या जुन्या जरीवर पडला. पहिल्या रांगेत बाईंचे भाऊ बसले होते. मी पहिला संवाद बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं,

"साडी मी दिलेली!"